गणिताची पदवी : अर्हता आणि कसोटी (केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेच्या निमित्ताने)

गणितातील पदवी कोणास द्यावी, हा प्रश्न वरवर पाहता विद्यापीठाच्या कार्यालयाचा वाटतो. प्रश्नपत्रिका किती, तास किती, गुण किती, कोणता विषय सक्तीचा आणि कोणता ऐच्छिक, एवढे ठरले की नियमपुस्तिका पूर्ण होते आणि प्राध्यापकवर्ग अध्यापनाकडे वळतो. वस्तुतः गणित म्हणजे काय, याविषयीचे विद्यापीठाचे मत या नियमांतून जितके स्पष्टपणे प्रकट होते तितके ते कोणत्याही दीक्षान्त भाषणातून होत नाही. विद्यार्थी सामान्यतः तेच साधतो जे त्याच्याकडून मागितले जाते. आणि जे मागितले जात नाही ते व्याख्यानातून कितीही कळकळीने सांगितले तरी वहीच्या समासात राहते. म्हणून पदवीच्या अटींची चिकित्सा ही शिक्षणव्यवस्थेइतकीच गणिताच्या स्वरूपाचीही चिकित्सा ठरते.

या चिकित्सेसाठी केंब्रिज विद्यापीठाच्या गणिती ट्रायपॉसहून अधिक बोधप्रद उदाहरण सापडणे कठीण. ही परीक्षा दीर्घायुषी आहे. तिच्यावर सर्वांत कठोर टीका तिच्यातूनच बाहेर पडलेल्या एका थोर गणितज्ञाने केली. आणि तिने मराठी भाषेला 'रँग्लर' ही एक उपाधीच देऊन टाकली. १८९९ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी या परीक्षेत प्रथम क्रमांक विभागून मिळविला. तो मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. तेव्हापासून महाराष्ट्रात रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी अशी नावे घेतली जाऊ लागली. एखाद्या परदेशी परीक्षेतील श्रेणी नावामागे पदवीप्रमाणे लावली जावी, हे त्या परीक्षेच्या दराऱ्याचे द्योतक आहे. तो दरारा नेमका कशाचा होता, हे पाहणे अगत्याचे आहे.

१

ट्रायपॉस हे नाव तीन पायांच्या स्टुलावरून आले, असे सांगितले जाते. जुन्या काळी पदवीच्या उमेदवाराला तोंडी वादविवाद करावा लागे आणि त्याच्याशी वाद घालणारा पदवीधर त्या स्टुलावर बसे. लॅटिन भाषेतील हा वाद म्हणजे पदवीची मूळ कसोटी. अठराव्या शतकात उमेदवारांना क्रमाने लावण्याची निकड वाढली, तसतसा लेखी परीक्षेचा भाग वाढत गेला आणि तोंडी वादाचा संकोच होत होत तो अखेरीस नाहीसा झाला. या बदलाचे कारण समजण्यासारखे आहे. वादात कोण अधिक प्रभावी ठरला हे ठरविणे मतभेदाचे; लेखी उत्तरांना मात्र गुण देता येतात, त्यांची बेरीज करता येते आणि बेरजेवरून क्रम लावता येतो. न्याय्यतेच्या दृष्टीने हा लाभ मोठा होता. परंतु आपल्या विधानाचे समर्थन करणे, त्यावरील आक्षेपास उत्तर देणे, ही जी कसोटी त्या स्टुलासमोर लागत होती ती या व्यवहारात गमावली गेली, याची नोंद फारशी कोणी घेतली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या परीक्षेचे स्वरूप अवाढव्य झाले होते. १८५४ मध्ये आठ दिवसांत सोळा प्रश्नपत्रिका, एकूण साडेचव्वेचाळीस तास आणि दोनशे अकरा प्रश्न, असा तिचा विस्तार होता. यशस्वी उमेदवार तीन वर्गांत विभागले जात : रँग्लर, सीनियर ऑप्टिमी व ज्युनियर ऑप्टिमी, आणि प्रत्येक वर्गात गुणानुक्रम जाहीर होई. यादीतील अखेरच्या उमेदवारास सहाध्यायी थट्टेने लाकडी चमचा अर्पण करीत. फ्रान्सिस गॉल्टन याने १८६९ मधील आपल्या ग्रंथात या परीक्षेचे जे गुण दिले आहेत ते लक्षणीय आहेत : एकंदर सतरा हजार गुणांपैकी यादीतील अखेरच्यास तीनशेहून कमी, तर प्रथम क्रमांकाच्या उमेदवारास साडेसात हजारांहून अधिक. गॉल्टनला यात मानवी बुद्धीतील प्रचंड तफावत दिसली. परंतु याच आकड्यांचा दुसराही अर्थ निघतो. जी प्रश्नपत्रिका सर्वश्रेष्ठ उमेदवारालाही निम्मी सोडविता येत नाही, तिचा हेतू 'याला गणित येते काय' हे पाहण्याचा नसून 'दोघांत पुढे कोण' हे ठरविण्याचा असतो. पात्रता ठरविणे आणि क्रम लावणे ही दोन भिन्न कार्ये आहेत. ट्रायपॉसने दुसऱ्या कार्यासाठी पहिल्याचा बळी दिला.

परिणामही तसाच झाला. वेगाला किंमत आल्यामुळे वेग शिकविणारे खाजगी शिक्षक निर्माण झाले. त्यांतील विल्यम हॉपकिन्स व त्याचा शिष्य एडवर्ड राउथ हे विशेष ख्यातकीर्त होत. राउथच्या हाताखालून पंचविसांहून अधिक प्रथम क्रमांकाचे विद्यार्थी बाहेर पडले. विद्यापीठातील प्राध्यापकांची व्याख्याने ओस आणि राउथची शिकवणी भरलेली, ही त्या काळातील वस्तुस्थिती पुण्या-मुंबईतील आजच्या वाचकास मुळीच अपरिचित वाटणार नाही.

२

येथे एका अन्यायापासून सावध राहिले पाहिजे. ट्रायपॉसची परीक्षा केवळ घोकंपट्टीची होती, हे विधान टिकत नाही. स्टोक्स १८४१ मध्ये, केली १८४२ मध्ये आणि रॅले १८६५ मध्ये प्रथम आले. विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) १८४५ मध्ये, मॅक्सवेल १८५४ मध्ये आणि जे. जे. थॉमसन १८८० मध्ये द्वितीय आले. ज्या परीक्षेच्या यादीत ही नावे येतात तिला निष्फळ म्हणणे धार्ष्ट्याचे होईल. मात्र ही यादी बारकाईने वाचली तर तिच्यातच परीक्षेचे स्वरूप उघड होते. केलीचा अपवाद वगळता ही सारी नावे भौतिकीची आहेत. परीक्षेने यामिकी, प्रकाशशास्त्र, द्रवगतिशास्त्र यांतील समीकरणे झपाट्याने हाताळण्याचे कौशल्य मागितले. ते कौशल्य भौतिकीस उपकारक होते आणि केंब्रिजला मोठे भौतिकीतज्ज्ञ मिळाले. तिने विश्लेषणातील काटेकोर सिद्धता मागितली नाही. आणि ज्या शतकात कोशी, वायरश्ट्रास व रीमान यांनी विश्लेषणाचा पाया नव्याने घातला, त्या शतकात केंब्रिज या कार्यात जवळजवळ प्रेक्षकच राहिले. जे मागितले ते मिळाले. जे मागितले नाही ते मिळाले नाही. परीक्षेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा यांचे मूळ एकच आहे.

हा भेद एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एक अनंत श्रेढी घ्यावी, जिचे न-वे पद म्हणजे 'न-वर्ग गुणिले क्ष' या कोनाचा साइन, भागिले न-वर्ग. ही श्रेढी सर्वत्र एकसमान अभिसारी आहे, हे सहज दाखविता येते, कारण तिचे प्रत्येक पद एक भागिले न-वर्ग या मर्यादेत राहते. आता ज्या विद्यार्थ्याला विकलनाचा केवळ सराव आहे तो प्रत्येक पदाचे विकलन करून मोकळा होईल. न-वर्ग वर येऊन छेदातील न-वर्गास काटील आणि 'न-वर्ग गुणिले क्ष' यांच्या कोसाइनांची श्रेढी हाती येईल. क्ष शून्य असता तिचे प्रत्येक पद एक आहे. म्हणजे ती श्रेढी तेथे अभिसारीच नाही. कृतीत कोठेही चूक नाही. चूक ती कृती करण्याचा अधिकार गृहीत धरण्यात आहे. वेगाची परीक्षा कृती तपासते, अधिकार तपासत नाही. गणिताच्या पदवीधराला इतर पदवीधरांपासून वेगळे करणारी गोष्ट मात्र हा अधिकाराचा प्रश्न विचारण्याची सवय हीच होय.

३

पदवीच्या अटी केवळ ज्ञानाच्या नसतात, हेही या इतिहासात ठळकपणे दिसते. ऑगस्टस डी मॉर्गन १८२७ मध्ये चौथा रँग्लर झाला. परंतु धार्मिक प्रतिज्ञेस नकार दिल्यामुळे एम. ए. च्या पदवीस मुकला. सिल्व्हेस्टर १८३७ मध्ये द्वितीय आला. तो ज्यू असल्यामुळे इंग्लंडच्या चर्चच्या एकोणचाळीस कलमांवर स्वाक्षरी करू शकत नव्हता आणि म्हणून त्याला बी. ए. ही पदवीही मिळाली नाही. १८७१ च्या कायद्याने ती अट रद्द झाली आणि १८७२ मध्ये, परीक्षेनंतर पस्तीस वर्षांनी, केंब्रिजने त्याला पदवी दिली. शार्लट अँगस स्कॉट हिने १८८० मध्ये आठव्या रँग्लरच्या तोडीचे गुण मिळविले. पण अधिकृत यादीत तिला स्थान नव्हते. १८९० मध्ये फिलिपा फॉसेट हिचा निकाल 'प्रथम रँग्लरच्या वर' असा वाचण्यात आला. प्रथम क्रमांकाच्या वर स्थान मिळविणाऱ्या या स्त्रीला पदवी मात्र मिळाली नाही. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवीचा अधिकार दिला तो १९४८ मध्ये.

ही उदाहरणे केवळ जुन्या अन्यायाची म्हणून सोडून देण्यासारखी नाहीत. गुणांच्या बाबतीत एकेका अंकाचा हिशेब ठेवणारी ही व्यवस्था पदवीच्या दाराशी मात्र गणिताशी सुतराम संबंध नसलेली अट उभी करीत होती आणि तिला त्यात विसंगती वाटत नव्हती. मोजमाप जितके सूक्ष्म तितके ते न्याय्य, हा समज येथे निराधार ठरतो. कोणतीही अट तपासताना एकच प्रश्न विचारला पाहिजे : ही अट गणित येते की नाही याविषयी काही सांगते काय?

४

ट्रायपॉसमध्ये सुधारणा झाल्याच नाहीत असे नाही. १८१२ मध्ये बॅबेज, पीकॉक व हर्शेल यांनी ॲनॅलिटिकल सोसायटी स्थापन केली आणि न्यूटनच्या चिन्हांऐवजी लायब्निट्सची चिन्हे रूढ करण्याचा प्रयत्न आरंभिला. त्या प्रयत्नास यश आले ते १८१७ मध्ये पीकॉक परीक्षक झाला आणि त्याने प्रश्नपत्रिकेतच नवी चिन्हे वापरली तेव्हा. व्याख्यानांनी वा ग्रंथांनी जे साधले नव्हते ते एका प्रश्नपत्रिकेने साधले. पदवीच्या अटीचे सामर्थ्य याहून स्पष्ट कोठे दिसणार?

विसाव्या शतकाच्या आरंभीचा सुधारणावाद अधिक मूलगामी होता. जी. एच. हार्डी हा १८९८ चा चौथा रँग्लर. परीक्षेच्या तयारीचा त्याला उबग आला होता. लव्ह या प्राध्यापकाच्या सल्ल्यावरून जॉर्डनचा विश्लेषणावरील फ्रेंच ग्रंथ वाचला, तेव्हा गणित म्हणजे काय हे आपणास प्रथम कळले, असे त्याने पुढे नमूद केले आहे. हार्डी व इतर सुधारकांच्या प्रयत्नाने १९०९ नंतर गुणानुक्रम बंद झाला. वर्ग राहिले; वर्गातील क्रम अधिकृतपणे जाहीर होईनासा झाला. परंतु हार्डीचे समाधान झाले नाही. १९२६ मध्ये मॅथेमॅटिकल असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून केलेल्या भाषणात ट्रायपॉस सुधारण्यापेक्षा ती बंदच करावी, अशी भूमिका त्याने मांडली. त्याच्या युक्तिवादाचा गाभा असा : परीक्षेला साधे काम द्यावे, विद्यार्थ्याने परिश्रम केले आहेत आणि त्याला सामान्य पात्रता आहे, एवढे तिने पाहावे, श्रेष्ठत्व मोजण्याचा आव आणला की परीक्षा अध्यापनावर स्वार होते आणि विषयाला विकृत करते.

हार्डीचे निदान अचूक आहे. उपचार मात्र अपुरा वाटतो. परीक्षेचे ओझे हलके केले की चांगले गणित आपोआप वाढेल, असे त्याचे गृहीतक दिसते. हार्डीसारख्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ते खरे ठरेल. कारण त्याला जॉर्डनचा ग्रंथ सुचविणारा प्राध्यापक भेटतो आणि तो वाचण्याची भूक त्याच्यापाशी आधीच असते. परंतु पदवीच्या अटी हार्डीसाठी करावयाच्या नसतात. ज्याला ती भूक आधीपासून नाही त्याच्यासमोरही एकदा तरी खरे गणित यावे, ही अटीची जबाबदारी आहे. मागणी कमी करून ती पार पडत नाही. मागणी बदलावी लागते.

५

मागणी बदलता येते, याचा पुरावा त्याच केंब्रिजमध्ये आणि हार्डीच्याच निकट सापडतो. श्रीनिवास रामानुजन यांना कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयातील शिष्यवृत्ती गणिताखेरीज इतर विषयांतील अपयशामुळे गमवावी लागली; पुढे मद्रासच्या पच्चैयप्पा महाविद्यालयातूनही एफ. ए. ची परीक्षा त्यांना उत्तीर्ण होता आली नाही. पदवीच्या रूढ अटींनुसार ते पहिल्याच पायरीवर अपात्र होते. १९१४ मध्ये ते केंब्रिजला पोहोचले. आवश्यक अर्हता नसतानाही त्यांना प्रवेश मिळाला आणि १९१६ मध्ये संशोधनाच्या आधारे बी. ए. ही पदवी देण्यात आली. तिचा आधार होता १९१५ मध्ये लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झालेला अतिसंयुक्त संख्यांवरील प्रबंध. आपल्याहून लहान अशा प्रत्येक संख्येपेक्षा जिचे विभाजक अधिक ती अतिसंयुक्त संख्या. उदाहरणार्थ, १२ चे विभाजक सहा, आणि १२ हून लहान कोणत्याही संख्येचे विभाजक चाराहून अधिक नाहीत. या संख्यांच्या मूळ अवयवांचे घातांक कोणत्या नियमाने उतरत जातात, याचा विस्तृत विचार त्या प्रबंधात आहे.

म्हणजे एकाच विद्यापीठात एकाच पदवीकडे जाणारे दोन मार्ग त्या वेळी उपलब्ध होते. एकावर घड्याळ होते, दुसऱ्यावर नव्हते. एकावर दुसऱ्याने रचलेले प्रश्न होते. दुसऱ्यावर प्रश्नही उमेदवाराचा आणि उत्तरही त्याचे. रामानुजन हा अपवाद आहे आणि अपवादावरून नियम करू नयेत, हा आक्षेप येथे घेतला जाईल. परंतु या कथेत एक धागा असा आहे की जो अपवादाचा नाही. रामानुजन यांनी विद्यार्थिदशेत ज्या ग्रंथावरून गणित आत्मसात केले तो कार याचा संक्षेपग्रंथ. कार हा ट्रायपॉसची तयारी करून घेणारा खाजगी शिक्षक; त्याच्या ग्रंथात पाच हजारांहून अधिक फले क्रमाने दिली असून सिद्धता बहुतेक नाममात्र आहेत. परीक्षार्थ्यास फल हवे, सिद्धतेस वेळ कोठला? रामानुजन यांच्या वह्यांत फलांमागून फले येतात आणि सिद्धता क्वचितच येतात, यास अन्य कारणेही असतील; परंतु ज्या ग्रंथाने त्यांना गणित दाखविले त्याचे रूप तेच होते. एका विद्यापीठाच्या पदवीची अट समुद्र ओलांडून कुंभकोणमच्या एका मुलाची गणित लिहिण्याची रीत ठरविण्यास साहाय्यभूत झाली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

६

आता भारतातील विद्यमान व्यवस्थेकडे वळता येईल. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास ही विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, प्रामुख्याने परीक्षा घेणाऱ्या संस्था म्हणून, स्थापन झाली. त्यामुळे पदवी म्हणजे परीक्षा हे समीकरण येथे आरंभापासूनच दृढ झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकटीने या समीकरणात श्रेयांकाची भर घातली. तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० श्रेयांक, चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस १६०. त्यांपैकी मुख्य विषयास अनुक्रमे किमान ६० व ८०. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रातील पंधरा तास. या हिशेबाने गणितातील साठ श्रेयांक म्हणजे सुमारे नऊशे तासांचे अध्यापन होय.

या चौकटीचे गुण नाकारता येत नाहीत. विद्यार्थ्यास विषयांची निवड करता येते. मध्येच शिक्षण थांबले तरी झालेले काम वाया जात नाही. परंतु श्रेयांक हे तासांचे माप आहे. ट्रायपॉसने वेग मोजला. ही व्यवस्था काळ मोजते. दोन्ही मापांतून तो अधिकाराचा प्रश्न सुटतोच. सत्र पूर्ण केलेला, चाळीस टक्के गुण मिळविलेला विद्यार्थी एखादी सिद्धता स्वतः रचू शकतो काय, याचे उत्तर त्याच्या गुणपत्रिकेत कोठेही मिळत नाही.

याच चौकटीत एक तरतूद आशादायक आहे आणि तीच अधिक विचारार्ह आहे. चौथ्या वर्षी बारा श्रेयांकांचा संशोधन-प्रकल्प करून 'संशोधनासह ऑनर्स' ही पदवी घेता येते. परंतु तिच्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुणांची अट आहे. ज्यांना ती पुरी करता येत नाही त्यांनी प्रकल्पाऐवजी तितक्याच श्रेयांकांचे अभ्यासक्रम करावयाचे. म्हणजे घड्याळ नसलेला मार्ग खुला झाला, परंतु त्याच्या दारावर घड्याळच टांगले गेले. हार्डी तेथून आत गेला असता. रामानुजन गेले नसते. आणि अपवादात्मक व्यक्ती बाजूस ठेवल्या तरी सहा सत्रे संथपणे, पण समजून काम करणाऱ्या विद्यार्थ्याचे काय, हा प्रश्न उरतो. प्रश्नपत्रिकेत मागे पडणारा विद्यार्थी सिद्धतेतही मागेच पडेल, असे मानण्यास ट्रायपॉसचा दीर्घ इतिहास कोणताही आधार देत नाही.

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित, पण निश्चित आहे. परीक्षा रद्द करण्याची आवश्यकता नाही, श्रेयांकही राहोत. परंतु गणिताच्या प्रत्येक पदवीधराकडून, त्याचे गुण काहीही असोत, वेळेचे बंधन नसलेले एक लेखन मागितले जावे. ते नवे संशोधन असण्याचे कारण नाही. एखादे ज्ञात प्रमेय घ्यावे, त्याची सिद्धता स्वतःच्या शब्दांत पूर्ण मांडावी, प्रत्येक गृहीतक कोठे लागले ते दाखवावे आणि एक गृहीतक काढले असता काय बिघडते याचे उदाहरण द्यावे. वर उल्लेखिलेली साइनची श्रेढीसुद्धा अशा लेखनास पुरेसा विषय होईल. यानंतर दोन शिक्षकांसमोर अर्ध्या तासाची तोंडी चर्चा व्हावी.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला, शिक्षकांवरील भाराचा. तो खरा आहे. महाविद्यालयांतील रिक्त पदे पाहता तो गंभीरही आहे. परंतु बारा श्रेयांकांचा प्रकल्प थोड्यांना देण्यापेक्षा दोन श्रेयांकांचे लेखन सर्वांना देणे अशक्य म्हणता येणार नाही. दुसरा आक्षेप उसन्या लेखनाचा. यंत्राच्या साहाय्याने हवी ती सिद्धता क्षणात लिहून मिळण्याच्या दिवसांत तो अधिकच बळावला आहे. त्यास उत्तर तोंडी चर्चेत आहे. सिद्धता कोणी लिहिली हे कागदावरून ओळखणे अवघड. परंतु 'येथे एकसमान अभिसरण कशासाठी लागले' या प्रश्नापुढे ज्याची सिद्धता नाही तो टिकत नाही. अठराव्या शतकात गुणांची बेरीज करता येईना म्हणून ज्या स्टुलाला निरोप देण्यात आला, ते स्टूल पुन्हा मांडण्याची निकड आता दुसऱ्याच कारणाने उत्पन्न झाली आहे.

केंब्रिजनेही या दिशेने काही पावले टाकली आहेत. तेथील गणिताच्या परीक्षेत आता पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण सोडविलेल्या दीर्घ प्रश्नास 'आल्फा' हा दर्जादर्शक गुण मिळतो आणि वर्ग ठरविताना त्याचे महत्त्व मोठे असते. अर्धवट सोडविलेल्या अनेक प्रश्नांची बेरीज त्याची बरोबरी करीत नाही. वेगापेक्षा पूर्णतेस दिलेली ही किंमत म्हणजे, हार्डीला अभिप्रेत होती तेवढी नसली तरी, खरी सुधारणा होय. रँग्लर ही उपाधी मराठीत रूढ झाली तेव्हा तिच्यामागे गुणानुक्रमाचा दरारा होता. तो गुणानुक्रम १९०९ मध्येच संपला. येथील विद्यापीठांनी त्या परंपरेकडून आज काही घ्यावयाचे असेल तर ते तिच्या कीर्तीतून न घेता तिच्या दुरुस्त्यांतून घ्यावे, हे अधिक श्रेयस्कर.